मागच्या भिंतीवरचं मशीन

"बायकाच असत्यात तिथं. बायकांना काय व्हतंय?" हनुमंतने तिसऱ्यांदा तेच सांगितलं.

"बायका बायका काय लावलंय? ह्या घरात बाई एकच हाय. तिचं नाव घ्या की सरळ."

म्हाळसा, त्याची बायको, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडवी उभी होती. हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. तिच्यामागे चुलीच्या जागेवर ठेवलेली गॅसची शेगडी, वर पत्रा, आणि हॉलच्या भिंतीला टेकून एक स्टूल. स्टुलावर संघर्ष बसला होता, मांडीवर ड्रिल मशीन घेऊन. तो केडगावचा, तिशीतला, एसी बसवायची आणि दुरुस्तीची कामं करणारा. त्याला अजून दोन घरं करायची होती आणि नव्या एसीची बाहेरची पेटी कुठल्या भिंतीला टांगायची, हे भांडण संपायची वाट बघण्यात त्याचा अर्धा तास गेला होता.

"काका, मी आत्ताच सांगून ठेवतो," तो म्हणाला. "आतली सगळी गरमी ह्या पेटीतनं भायेर पडती. पेटी हितं टांगली तर ती झळ ह्या पत्र्याखालीच साठणार. मावशींना तरास व्हईल आन् मशीनलाबी."

"मशीनला कसला तरास?" मल्हारीने लगेच विचारलं.

मल्हारी म्हणजे म्हाळसाचा मुलगा, चोवीस वर्षांचा. संघर्षच्या वाक्यातला कोणता तुकडा त्याला ऐकू गेला, हे म्हाळसाने बरोबर हेरलं.

मग पुन्हा एकदा सगळ्या भिंतींची चर्चा झाली. पुढच्या भिंतीला लावावं, तर ओट्यावर म्हस्कूआबांची बाज. म्हस्कूआबा म्हणजे हनुमंतचे वडील, ऐंशीच्या घरातले. ते बाजेवरूनच ओरडले, "माझ्या टाळक्यावर नको रं ती धग! आन् दारावरल्या खंडेरायाच्या टायलीच्या वर लोखंड टांगतो व्हय?" डाव्या अंगाला चुलतभावाचं घर चिकटून, तिथे खिळा ठोकायचा तरी भावकी बसवावी लागली असती. उजव्या अंगाला गोठा. "गाईंच्या अंगावर गरम वारं सोडतो का? दूध जागच्या जागी आटल," हनुमंत म्हणाला. संघर्षने स्लॅबचं सुचवलं. वर पेटी ठेवू, तिच्यावर एक पत्रा टाकू, पाईप तेवढा लांब लागेल. हनुमंतने मान हलवली. "पेटीसंगं जेवढा पाईप आलाय तेवढ्यातच बसव. आन् माझ्या स्लॅबला भोकं पाडायची न्हाईत."

आबांचा विचार झाला, खंडोबाचा झाला, भावकीचा झाला, गाईंचा झाला. उरली मागची भिंत.

"आई, महिनाभराचा तर प्रश्न हाय," मल्हारी समजुतीच्या सुरात म्हणाला. "पाऊस लागला की कोण लावतंय एसी?"

म्हाळसा बराच वेळ त्या खोक्याकडे बघत राहिली. मग तिने एकच विचारलं, "आन् जुना कूलर?"

"त्यो ठिवू की तुझ्या सैपाकघरात," हनुमंत म्हणाला. "तुझा तुला कूलर. मंग तर झालं?"

"नक्की?"

"अगं, जुन्या कूलरला आता दुसरं कोण इचारतंय?"

ती उंबऱ्यातून बाजूला झाली. संघर्षने ड्रिल लावलं, आणि परातीतल्या पिठावर विटेचा तांबडा भुगा पडायला लागला. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की परात झाकायची राहिली.

*

खुटबावच्या शिवारातल्या या घरात म्हाळसा आली ती सतराव्या वर्षी. तेव्हा आबांची मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन माणसं घाट उतरून जायची आणि पाऊस तोंडावर आला की परतायची. घर म्हणजे दगडमातीच्या दोन खोल्या आणि दारात लिंब. उकडलं की लिंबाखाली जायचं, एवढीच सोय होती आणि ती सगळ्यांना सारखी होती. म्हातारा, सून, कुत्रं, सगळे एकाच सावलीत.

पुढे कालव्याचं पाणी रानात फिरलं, ऊस आला, मेंढरं विकली, चार जर्सी गाई आल्या. लिंब तोडून त्या जागी स्लॅबचं घर झालं. पैसे हॉलपर्यंतच पुरले, म्हणून मागे अर्ध्या भिंती उचलून वर पत्रा टाकला आणि त्याला स्वयंपाकघर म्हणायला सुरुवात झाली. "पुढल्या साली त्याच्यावरबी स्लॅब टाकू," हनुमंत म्हणाला होता. त्याला सोळा वर्षं झाली.

स्लॅबच्या घराचा थाट पहिल्या उन्हाळ्यातच कळला. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ऊन परत देत राहायचा. मग ते ऊन उतरवायचं काम म्हाळसाकडे आलं. कुणी दिलं नाही, तसंच आलं. संध्याकाळी पाइप लावून स्लॅबवर पाणी मारायचं. फाल्गुनात स्लॅबला चुना द्यायचा. उसाचं पाचट पसरून ते ओलं ठेवायचं. खिडकीला गोणपाट लावून त्याच्यावर तांब्याने पाणी शिंपडायचं. माठ वाळूवर बसवायचा आणि वाळू ओली ठेवायची. हिवाळ्यात उलट. पहाटे पाचला बंब पेटवायचा, कारण आबांना आंघोळीला कढत पाणी लागायचं आणि हनुमंतला आबांच्या आधी. एकूण, या घरात माणसांच्या अंगाला केव्हा ऊब लागावी आणि केव्हा गारवा, हे बघणारी म्हाळसा होती. तिच्या स्वतःच्या अंगाला काय लागतं, हा प्रश्न त्या कामात कुठे येत नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी कूलर आला. पत्र्याचा, पोटात मोठी टाकी असलेला, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या. तो हॉलच्या खिडकीत बसवला. कूलरचं तोंड आत असतं आणि पाठ बाहेर. पाणी पाठीमागून भरायचं. त्यामुळे आबांना, हनुमंतला, मल्हारीला कूलर समोरून माहीत होता आणि म्हाळसाला पाठीमागून. दिवसाला बारा कळशा. दुपारी दोनच्या उन्हात ती बाहेर उभी राहून टाकीत कळशी उपडी करायची, तेव्हा खिडकीच्या आतून आवाज यायचा, "हं, आता आली बघ गार हवा."

तिने त्या कूलरची नाडी ओळखली होती. पंपाच्या जाळीत शेवाळ अडकलं की पाण्याची धार तुटते आणि पंख्याचा आवाज कोरडा होतो. तो तिला गोठ्यात धार काढतानाही कळायचा. बोअरच्या पाण्याच्या क्षाराने टाकीला पांढरी पुटं चढायची, ती म्हाळसा चिंचेच्या कोळाने घासायची. चैत्रात केडगावच्या बाजारातून नवं गवत आणून तिन्ही जाळ्या भरायच्या, मोटरीत दोन थेंब तेल सोडायचं, आणि दिवाळीआधी सगळा सुकवून, गोणपाट गुंडाळून ठेवायचा. कूलर अकरा वर्षं टिकला त्याचं श्रेय हनुमंत दुकानदाराला द्यायचा. "माल चांगला दिला गड्यानं."

त्या अकरा वर्षांत ती कूलरच्या समोर झोपली ती एकदाच. डेंगू झाला होता तेव्हा, चार दिवस. त्या चार दिवसांत कूलर दोनदा कोरडा पडून पंप जळता जळता राहिला, कारण पाणी घालणारी आत झोपली होती.

*

एसी घ्यायचं कारण जावई.

मोनिकाचं, म्हाळसाच्या मुलीचं, लग्न होऊन दोन वर्षं झाली. जावई कंपनीत सुपरवायझर, शिक्रापूरला फ्लॅटमध्ये राहणारे. गेल्या मे महिन्यात ते आले आणि मुक्कामाचं ठरलेलं असताना चहा घेऊनच निघाले. मोनिकाने नंतर फोनवर सांगितलं, "आई, ह्यांना तुमच्याकडं श्वास कोंडल्यासारखं व्हतं. सवय न्हाई ना." हनुमंतच्या ते मनाला लागलं. आणि यंदा अधिक महिना आला तो नेमका ज्येष्ठात, ऐन उन्हात. तीन वर्षांनी येणारा हा जावयांच्या मानाचा महिना. त्यांना बोलवायचं, पुरण भरून तळलेले धोंडे वाढायचे, कपडे करायचे. मोनिकाच्या नवऱ्याचा हा पहिलाच धोंडा.

"जावई पाटावर बसल्यात, समोर धोंडं वाढल्यात आन् घाम टपाटपा ताटात पडतोय, बरं दिसल का?" हनुमंत म्हणाला.

बाप-लेक दौंडला जाऊन मशीन बघून आले. हॉल केवढा, खिडक्या किती, वर स्लॅब आहे का, दुपारी माणसं किती बसतात, असं सगळं दुकानदाराने विचारलं म्हणे, आणि मग दीड टनाचं सांगितलं. घराच्या एका एका गोष्टीची चौकशी झाली. मागे स्वयंपाकघर आहे का, हे त्याने विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

*

मशीन चालू झालं त्या दिवशी आबांनी अंगावर शाल घेतली आणि खूश होऊन म्हणाले, "आरं, हे तर घाटावरल्या थंडीवानी हाय!" भावकीतली चार माणसं मुद्दाम हवा बघायला आली. म्हाळसा चहाचा ट्रे घेऊन आत गेली. आत पाऊल टाकताच गार हवा चेहऱ्यावर आली, मानेवरून खाली उतरली, आणि क्षणभर तिला खरंच बरं वाटलं.

"दार लाव, दार लाव! सगळी हवा चालली," हनुमंत ओरडला.

तिने दार लावलं. कप वाटले. बाहेर पडताना पुन्हा तेच. "आई, दार!"

त्या दिवसापासून ती हॉलमध्ये शिरताना आणि निघताना एवढंच ऐकत राहिली. भाकरी आणली, दार लाव. पाणी आणलं, दार लाव. ताटं उचलली, दार लाव. दाराच्या अलीकडे थांब की पलीकडे, हे कुणी म्हणालं नाही. पण काम पलीकडेच होतं.

पलीकडे भिंतीवरची पेटी घरघरत होती. तिचा पंखा नेमका शेगडीच्या दिशेने. त्या वाऱ्याने गॅसची ज्योत आडवी व्हायची, म्हणून म्हाळसाने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून शेगडीला आडोसा केला. ज्योत सरळ झाली, वारा तिच्या अंगावर आला. मळलेलं पीठ थापेपर्यंत वरून सुकायचं. सकाळची कोथिंबीर दहाला मान टाकायची. तापवून ठेवलेलं दूध दुपारी फुटायचं आणि आबा विचारायचे, "आजकाल चहा असा का लागतोय गं?"

तिने कूलर तयार केला होता. टाकी घासली, बाजारातून गवत आणून जाळ्या भरल्या, मोटरीत तेल सोडलं. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी जागा झाडून ठेवली. वायर पोचत नव्हती, ती मल्हारीने जोडून द्यायची होती. "उद्या," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती रानातून वैरणीचा भारा घेऊन आली तर जागा रिकामी. ती तशीच उभी राहिली. आणि मग तिला आवाज आला. पंख्याचा, पंपाचा, पाण्याची धार गवतावरून उतरते त्याचा. गोठ्यातून.

"दोन गाई धापा टाकाया लागल्या व्हत्या," मल्हारी म्हणाला. "डॉक्टर म्हणलं, गारवा करा, न्हाईतर दूध निम्म्यावर येतंय. आन् बघ, आज सकाळीच दोन लिटरनं वाढलं."

"त्यो कूलर मला दिला व्हता."

"आई, तू काय बी काय! गाईसंगं बरूबरी करती का?"

"मी न्हाई करत. तुम्हीच केली आन् गाई जिंकल्या," म्हाळसा म्हणाली. "बरूबर हाय. गाईचं दूध डेअरीला जातंय. माझा घाम कुठल्या डेअरीत घालायचा?"

मल्हारी हसला. आईने विनोद केला असं त्याला वाटलं. जाताना तो म्हणाला, "पाण्याचं तेवढं तू बघत जा. तुला त्याची सवय हाय."

तेव्हापासून ती गोठ्यातल्या कूलरला बारा कळशा घालत होती. पाठीमागून.

एसीची देखभालही तिच्याकडेच आली. जाळी आठवड्याला काढून धुवायची, असं संघर्षने मल्हारीला दाखवलं होतं, आणि मल्हारी म्हणाला होता, "आई, बघून ठिव गं." तिने बघून ठेवलं. स्टुलावर चढून, झाकण उचलून, जाळी काढून, वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासून, सावलीत वाळवून परत बसवायची. हे काम करायला मशीन बंद करावं लागतं. त्यामुळे ती ज्या वेळी हॉलमध्ये सगळ्यात जास्त वेळ थांबायची, त्या वेळी तिथे गार हवा नसायची.

*

मोनिका आणि जावई आले त्या दिवशी सकाळपासूनच झळा वाहत होत्या. हनुमंतने नऊलाच हॉल थंड करून ठेवला. जावई आत आले, सोफ्यावर बसले, वर भिंतीकडे बघून म्हणाले, "अरे वा, मामा! हे काम भारी केलं तुम्ही." हनुमंतच्या चेहऱ्यावर गेल्या मे महिन्याचं सगळं फिटल्यासारखं दिसलं.

म्हाळसा पुरण वाटत होती. शेगडीच्या एका बाजूला आमटी, दुसऱ्या बाजूला तेलाची कढई. वर पत्रा, समोर कढई, पाठीशी पेटी. लुगड्याचा पदर दोनदा पिळून झाला होता. मोनिका स्वयंपाकघराच्या दारात आली, आत एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं.

"बाई गं! कसली झळ ही! आई, तू थोडं थोडं करत जा की."

"थोडं थोडं म्हंजी कसं? एक धोंडा आज, एक उद्या?"

"तसं न्हाई गं. मधनंमधनं आत येऊन बसत जा, असं म्हणते मी." मग ती जरा घुटमळली. "आई, एखादी गोधडी हाय का? ह्यांना थंडी वाजतीय. मशीन अठरावर लावलंय आबांनी."

म्हाळसाने लेकीकडे बघितलं. मोनिकाच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. हीच पोर तापात असताना म्हाळसा रात्र रात्र ओल्या फडक्याने तिचे तळपाय पुसत बसायची.

"कपाटात वरच्या खणात हाय," ती म्हणाली. "निळ्या काठाची दे. मीच शिवलीय. ऊबदार हाय."

मोनिका गोधडी काढायला गेली. जाताना तिने दार लावून घेतलं.

तळणीला बसून तासभर झाला असेल. अकरा धोंडे झाले होते, तेवढेच राहिले होते. एकाएकी पाठीमागची घरघर थांबली. स्वयंपाकघरात इतकं शांत झालं की तेलाचा चरचराट मोठा वाटायला लागला. म्हाळसाने मागे वळून बघितलं. पेटीचा पंखा उभा होता.

पुढच्या मिनिटाला सगळं घर मागे आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"काय केलं गं?" हनुमंतने विचारलं.

"धोंडं तळले."

"बटनाला हात लावला का कुठं?"

"माझ्या हातात झारा हाय. दिसत न्हाई का?"

मल्हारीने मेन स्विच बघितला, बंद करून चालू केला. मशीन सुरू झालं, पाच मिनिटं चाललं, पुन्हा गप्प. हॉलमध्ये जावयांनी गोधडी बाजूला ठेवली आणि वर्तमानपत्राने वारा घ्यायला लागले. हनुमंतने संघर्षला तीन वेळा फोन केला. तो दीडच्या सुमाराला आला. घामाघूम, हेल्मेट काखेत. येताच स्वयंपाकघरात गेला आणि दोन पावलांतच थांबला.

"मावशी, तुम्ही सकाळपासनं हितंच हाय?"

"मंग कुठं असणार?"

त्याने पिशवीतून तापमान मोजायचं एक छोटं यंत्र काढलं आणि ते पेटीच्या मागे, जाळीजवळ धरलं. हनुमंत, मल्हारी आणि आबाही पुढे होऊन बघू लागले.

"चोपन," संघर्ष म्हणाला.

"म्हंजी?"

"म्हंजी हितली हवा चोपन डिग्री हाय. हे मशीन पन्नासपर्यंत चालतंय. त्याच्यावर गेलं की आपोआप बंद पडतं. बिघडलंबिगडलं काय न्हाई. सोताला जाळून घ्यायचं न्हाई, अशी सोयच असती आत."

"मंग परत?" म्हाळसाने विचारलं.

"हवा गार झाली की परत चालू व्हतं."

"त्याला कुणी सांगावं लागतं का? की बाबा, लई तापलंय, आता थांब?"

"न्हाई मावशी. त्याचं त्यालाच कळतं."

म्हाळसाने मान डोलावली. झारा कढईच्या काठावर ठेवला.

संघर्षने पेटीचा मागचा भाग टॉर्चने बघितला. जाळीवर पिठाचा थर बसला होता आणि त्याच्यावर फोडणीचं तेल चिकटून त्याची खळ झाली होती. त्याने बोटाने थोडी खरवडून दाखवली. "हे असं बसलं की त्याला दम लागतोय. हितं ठिवायचं असंल तर दर आठ दिसांनी धुवावं लागंल."

"ऐकलं का गं? दर आठ दिसांनी," हनुमंत म्हणाला.

"खरं तर हितनं हलवाच, काका. स्लॅबवर न्या. पाईपच तेवढा वाढवायचा हाय, मी तवाच सांगितलं व्हतं."

"बघू की. दिवाळीला बघू. आत्ता कामापुरतं काय करायचं ते सांग."

"कामापुरतं म्हंजी मशीन चालू असताना हितं शेगडी पेटवायची न्हाई."

मग मल्हारीला सुचलं. त्याचा चेहरा खरोखर उजळला.

"आप्पा, गॅस गोठ्यात नेऊ! तिथं जागा हाय, कूलर बी हाय. आई म्हणतच व्हती कूलर पायजे म्हणून. आईलाबी गार, मशीनलाबी बरं."

"व्हय की," आबा म्हणाले. "सैपाकानं गाईंना काय हुत न्हाई. माश्यांचं तेवढं बघावं लागंल."

"झालं मंग," हनुमंत म्हणाला. "परवाच्या रविवारी माझी भन सारजाबाई यायची हाय, आबांचं जावई घेऊन. त्यांचाबी धोंडा हायच. त्याच्या आत शेगडी तिकडं हलवू. आन् आता ते राहिलेलं धोंडं जरा दम खाऊन तळ, मशीन गार होऊ दे. चल रं मल्हारी, जावई आत एकटंच बसल्यात."

ते सगळे परत हॉलकडे गेले. सोळा वर्षं म्हाळसाने या पत्र्याखाली तव्यासमोर काढली होती. सोळा वर्षांत इथे किती गरम होतं हे कुणी मोजलं नव्हतं. आज मोजलं. मशीनला त्रास होत होता म्हणून.

संघर्ष हत्यारं पिशवीत भरत होता. न बघताच तो हळूच म्हणाला, "मावशी, पाणी प्या आधी."

तिने तांब्याभर पाणी प्यायलं. गॅस बंद केला. कढईवर ताट झाकलं. उरलेला गोळा, पुरण, दोन्ही झाकून फळीवर ठेवलं. हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश. पेटी अजून गप्प होती.

मग तिने अकरा धोंड्यांचं ताट उचललं आणि हॉलचं दार उघडलं. ताट जावयांच्या समोर ठेवलं. सोबत तुपाची वाटी. जावई पाटावर बसले होते, शेजारी मोनिका, समोर हनुमंत आणि मल्हारी, बाजूला आबा. इतक्यात पाठीमागची घरघर सुरू झाली. वरच्या मशीनने एक सुस्कारा सोडला आणि गार हवा खाली उतरली.

"आलं बाबा!" आबा म्हणाले.

"अगं, दार लाव," हनुमंत म्हणाला.

म्हाळसाने दार लावलं नाही. ती दारातच उभी राहिली, अर्धी आत, अर्धी बाहेर. पुढून गार, पाठीमागून गरम.

"दार, आई!" मल्हारी.

"एक सांगायचं हाय," ती म्हणाली. आवाज वाढवला नाही. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं. "उद्यापासनं सकाळी नवाला माझा गॅस बंद. दिवस मावळल्यावर पेटल. मधी चहाबी व्हणार न्हाई."

"म्हंजी काय?" हनुमंतने विचारलं.

"शेगडी गोठ्यात जायची न्हाई. हाय तिथंच राहील. कूलरमधी पाणी ज्याच्या गाई हायेत त्यानं घालावं. पेटीची जाळी ज्याला गार हवा लागती त्यानं धुवावी."

"आई, ह्यांच्यासमोर कशाला..." मोनिका दबक्या आवाजात म्हणाली. जावई ताटाकडे बघत राहिले.

"आन् रविवारी?" हनुमंत म्हणाला. "रविवारी सारजाबाई येणार, तिचा मालक येणार, सासरची दोन माणसं येणार. त्यांच्या धोंड्याचं काय?"

"नवाच्या आत जेवढं व्हतील तेवढं," म्हाळसा म्हणाली.